रात्रीचा कोट आणि बिननावाचा शिंपी

संध्याकाळ झाली की कपडे बदलायचे, ही रीत आपल्याकडे पूजेसाठी होती, जेवणासाठी सोवळ्याची होती. पण केवळ संध्याकाळ झाली म्हणून कोट बदलायचा, हे आपल्याला इंग्रजांनी दाखवलं. सिनेमात आपण तो कोट शंभरदा पाहतो. काळा, चमकदार रेशमी कॉलरचा, आत पांढरा शर्ट आणि गळ्याला बो. पाहतो आणि सोडून देतो. तो तसाच का, काळाच का, त्याच्या मागे शेपटी का, आणि पुढे पॅरिसच्या बायकांनी तो जरीने का मढवला, हे विचारलं तर मात्र बराच मोठा इतिहास उलगडतो. त्यात इंदूरचे होळकर आहेत, बडोद्याची एक राजकन्या आहे, आपली मुंबई आहे, आणि शेवटी ग्वाल्हेरची दाना ओलीसुद्धा आहे, जिथला मी.

आधी शेपटीचं बघू. अठराव्या शतकात इंग्लंडमधले जमीनदार दिवसभर घोड्यावर असायचे. लांब कोट घालून घोड्यावर बसलं की पुढचा घेर मांड्यांवर गोळा होतो. म्हणून शिंप्यांनी तो पुढून कापून टाकला आणि मागचा तेवढा ठेवला. झाला टेलकोट. शेताबांधावरचा हा पोशाख हळूहळू शहरात आला, मग दरबारात गेला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत काळ्या रंगात संध्याकाळचा सगळ्यात औपचारिक वेष होऊन बसला. म्हणजे घोडेस्वारीची सोय म्हणून जे कापलं, तेच पुढे प्रतिष्ठेचं चिन्ह झालं. कपड्यांच्या इतिहासात असं फार होतं: गरज संपते, आकार राहतो.

आखूड कोट त्यानंतरचा. लंडनच्या सॅव्हिल रो या शिंप्यांच्या रस्त्यावर हेन्री पूल यांचं दुकान होतं. त्यांच्याकडे १८६५ मध्ये युवराजांनी, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डनी, घरगुती जेवणासाठी बिनशेपटीचा कोट शिवून घेतला. १८८६ च्या सुमारास तसलाच कोट न्यूयॉर्कजवळच्या टक्सीडो पार्कमध्ये दिसू लागला आणि अमेरिकेत त्याला त्या गावाचंच नाव चिकटलं. आज लग्नाच्या रिसेप्शनला भाड्याने मिळतो तो ‘टक्सीडो’ तो हाच.

रंगामागेही कारण आहे. दिव्याच्या पिवळट उजेडात काळं कापड कधीकधी हिरवट दिसतं. म्हणून १९२०-३० च्या दशकांत शौकीन मंडळींनी अगदी गडद निळा, मध्यरात्रीचा म्हणावा असा निळा, वापरायला सुरुवात केली. तो रात्री काळ्यापेक्षाही काळा दिसतो. संध्याकाळचे कपडे हे मुळात उजेडाचे कपडे आहेत, हे एकदा लक्षात आलं की पुढचं सगळं सोपं जातं. पुरुषांच्या कोटावर रेशमी कॉलर का, बायकांच्या कोटावर जर आणि टिकल्या का, तर दिव्याखाली तेवढंच दिसतं.

आता इंदूर. यशवंतराव होळकर दुसरे यांचा जन्म १९०८ चा. वडील तुकोजीराव तिसरे १९२६ मध्ये पायउतार झाले आणि गादी मुलाकडे आली. ते शिकले इंग्लंडमध्ये, चार्टरहाउस आणि नंतर ऑक्सफर्डचं क्राइस्ट चर्च. पत्नी कागलच्या घराण्यातल्या संयोगिताराजे. हे तरुण जोडपं पॅरिसच्या कलावंतांत रमलं. मॅन रे या छायाचित्रकाराने त्यांचे फोटो काढले. ब्रांकुसीची शिल्पं त्यांनी विकत घेतली. एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून १९३० ते १९३३ या काळात इंदुरात माणिकबाग महाल उभा करून घेतला. आज त्या महालात केंद्र सरकारच्या कर विभागाचं कार्यालय आहे.

१९२९ मध्ये बर्नार्ड बूते द मोंवेल या फ्रेंच चित्रकाराने यशवंतरावांचं एक पूर्ण उंचीचं चित्र काढलं. होळकर तेव्हा विशी नुकतीच ओलांडलेले. अंगावर काळा टेलकोट, पांढरा वेस्टकोट, पांढरा बो, आणि खांद्यांवरून जमिनीकडे घरंगळणारी काळी केप, जिचं अस्तर पांढरं सॅटिनचं आहे. दागिना नाही. पगडी नाही. चित्राला शीर्षक नसतं तर हा मराठी संस्थानिक आहे हे कुणाला कळलं नसतं.

पण त्याच चित्रकाराने काही वर्षांनी त्यांचं दुसरं चित्र काढलं. त्यात यशवंतराव गादीवर मराठी पद्धतीने बसलेले आहेत. पांढरा पोशाख, डोक्याला होळकरी पगडी, आणि गळ्यात ते प्रसिद्ध ‘इंदूर पेअर्स’, म्हणजे नाशपातीच्या आकाराचे दोन हिरे, प्रत्येकी ४६ कॅरटहून जास्त वजनाचे. वडिलांनी ते १९१३ मध्ये पॅरिसच्या शोमे या पेढीकडून घेतले होते.

ही दोन चित्रं पुस्तकात शेजारी छापलेली असली की बहुतेक लोक म्हणतात, एक विलायती आणि एक देशी. मला मात्र त्यात शिवणकामाची दोन वेगवेगळी शास्त्रं दिसतात.

टेलकोट हा शरीराचा पुतळा असतो. आत घोड्याच्या केसांचा कॅनव्हास, खांद्यांत कापसाचं पॅड, छातीला वाफ आणि इस्त्री देऊन आणलेली गोलाई. कापडाचे बाकदार तुकडे कापून ते असे जोडतात की हँगरवर टांगला तरी कोटात माणूस उभा असल्यासारखा वाटतो. कापताना कापड वाया जातं, पण त्याची फिकीर नसते. मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडली जाते तो भाग, जितका वर आणि घट्ट, तितका शिंपी कसलेला.

अंगरखा याच्या उलट. तो घडी घालून ठेवला की कागदासारखा सपाट होतो. त्याचे तुकडे बहुतेक सरळ रेषेत कापलेले असतात, कारण मागाचा पन्हा जेवढा, तेवढ्यातच भागवायचं असतं. हाताने विणलेलं कापड फुकट घालवणं कुणालाच परवडत नव्हतं. घेर हवा तर तिरक्या कळ्या जोडायच्या. हात वर उचलता यावा म्हणून बगलेत एक छोटा चौकोनी तुकडा बसवायचा. बटणाऐवजी बंद. आपल्या बाराबंदीला बारा बंद असतात, हे नावच सांगतं. बंदांचा फायदा असा की अंग भरलं किंवा उतरलं तरी कपडा तोच राहतो, गाठ फक्त जागा बदलते. कोटाला आकार शिंपी देतो. अंगरख्याला आकार घालणारा देतो.

हे समजलं की इंदूरच्या दुसऱ्या चित्राकडे ‘मग ते पुन्हा आपल्या कपड्यांत आले’ एवढ्यावर थांबता येत नाही. त्या माणसाला दोन्ही कळत होतं. योगायोग म्हणा, पण त्यांचे चिरंजीव रिचर्ड होळकर यांनी सॅली होळकर यांच्यासोबत १९७८ मध्ये महेश्वरला रेहवा सोसायटी सुरू केली आणि मावळत चाललेल्या महेश्वरी विणकामाला पुन्हा काम मिळवून दिलं. २०१९ मध्ये पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयात यशवंतरावांवर मोठं प्रदर्शन भरलं.

आता स्त्रियांकडे वळू, कारण ‘डिझायनर’ कोटाची खरी गंमत तिथे आहे. कपड्यात स्वतःच्या नावाची पट्टी शिवायची प्रथा रुजवली ती चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या पॅरिसमध्ये स्थायिक झालेल्या इंग्रज माणसाने. त्याने १८५८ मध्ये तिथे आपलं दुकान काढलं. त्याआधी शिंपी गिऱ्हाइकाच्या घरी जायचा. वर्थकडे गिऱ्हाईक यायला लागलं. कपड्याची किंमत आता फक्त कापडाची आणि मजुरीची उरली नाही, नावाचीही झाली.

१९३० च्या आसपास संध्याकाळचे झगे तिरक्या विणीवर कापलेले, अंगाला चिकटणारे आणि पाठ उघडी टाकणारे असायचे. त्याच सुमाराला श्रीमंतांची संध्याकाळ घरातून बाहेर पडून रेस्टॉरंटात, नाटकाला, नाचाला जाऊ लागली. उघड्या पाठीवर काहीतरी हवं, आणि टेबलाशी बसल्यावर कमरेखालचं तर दिसतच नाही! मग सगळा खर्च कमरेच्या वर करा. एल्सा स्कियापरेली या रोममध्ये जन्मलेल्या, पॅरिसमध्ये नाव कमावलेल्या बाईंनी हे हेरलं. साधा झगा आणि त्यावर कमरेपर्यंतचा, भरतकामाने गच्च भरलेला आखूड कोट, ही त्यांची ओळख बनली. १९३७ च्या हिवाळी संग्रहात झाँ कॉक्तो या कवीची रेखाटनं त्यांच्या कपड्यांवर उतरली. १९३८ मध्ये सर्कस आली, मग राशीचक्र आलं. भरतकाम असायचं लेसाज या घराचं. अल्बेर लेसाज यांनी १९२४ मध्ये एक जुना भरतकामाचा कारखाना विकत घेऊन ते सुरू केलं होतं. स्कियापरेलींनी १९५४ मध्ये दुकान बंद केलं, पण कल्पना मेली नाही. १९६६ मध्ये इव्ह सँ लोराँ यांनी पुरुषांचा डिनर कोटच स्त्रियांसाठी कापला, आणि १९८८ मध्ये त्यांनी व्हॅन गॉगची सूर्यफुलं आणि आयरिसची फुलं कोटांवर आणली. ते भरतकामही लेसाजचंच. अशा एका कोटाला सुमारे ६०० तास लागले असं सांगतात.

याच काळात आपल्याकडे उलट दिशेने काय झालं ते बघा. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची मुलगी इंदिराराजे. तिचं लग्न ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलेलं होतं. १९११ मध्ये तिने स्वतःच ग्वाल्हेरला कळवून ते मोडलं आणि १९१३ मध्ये कूचबिहारच्या राजपुत्राशी लग्न केलं. (आमच्या लष्करातल्या जुन्या बायका हे अजून कालपरवाचं असल्यासारखं सांगतात!) या इंदिरादेवींनी फ्रेंच शिफॉनची एकरंगी साडी भारतभर रूढ केली. पादत्राणं मागवली ती इटलीच्या फेरागामोकडून. म्हणजे कापड पॅरिसचं, नेसण मात्र साडीची. कोट शिवण्यासाठी कापड कापावंच लागतं. साडी नेसताना कात्री लागत नाही. परकं कापड आपलंसं करण्याचा याहून सोपा मार्ग मला तरी माहीत नाही.

आणि ते पॅरिसचं भरतकाम? फ्रान्समध्ये ज्या आकडीच्या सुईने मणी-टिकल्या जोडतात, तिचं मूळ पूर्वेकडचं. आकडीने साखळी टाका घालण्याची रीत अठराव्या शतकात आशियातून युरोपात गेली. आपल्याकडे तीच सुई ‘आरी’. तिथे एकोणिसाव्या शतकात लुनेव्हिल गावात तिला मणी लावायची युक्ती जोडली गेली. फ्रेंच कारागीर कापडाच्या उलट्या बाजूने काम करतात, आपला कारीगर सुलट्या बाजूने. जरदोजी तर शब्दानेच फारसी: जर म्हणजे सोनं, दोजी म्हणजे शिवणं. आज पॅरिस आणि इटलीच्या बड्या घरांचं कितीतरी भरतकाम भारतात होतं. लेसाज घराण्यातल्या झाँ-फ्राँस्वा यांनी १९९३ मध्ये चेन्नईत स्वतःची कार्यशाळा काढली. मुंबईतल्या चाणक्य या संस्थेच्या कारागिरांसोबत केलेलं काम घेऊन दिओरने ३० मार्च २०२३ रोजी थेट गेटवे ऑफ इंडियासमोर फॅशन शो केला. कमानीला भलंमोठं तोरण बांधलं होतं. त्या दिवशी भरत भरणाऱ्यांचं नाव जगाने ऐकलं. एरवी कोटावर पट्टी असते पॅरिसची आणि टाका असतो कुठल्या तरी बिनखिडकीच्या खोलीत पाय दुमडून बसलेल्या माणसाचा.

हा सगळा पसारा मी मांडला, कारण मला तो वापरायचा होता.

दाना ओली ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली गल्ली. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये इथे लष्कराचा तळ टाकला, तळाचं शहर झालं आणि नाव लष्करच राहिलं. दाणा म्हणजे धान्य, आणि ‘ओली’ म्हणजे आपली ‘ओळ’, असं आमच्याकडे सांगतात. भोवताली हिंदी, घरात मराठी. अशा घरांतल्या पेट्यांत काय काय निघतं! शिंद्यांच्या चाकरीत मराठे होते, ब्राह्मण होते, आणि महादजींच्या काळापासून आलेलं फिलोज हे मूळचं इटालियन कॅथलिक घराणंही होतं; त्यातल्याच मायकेल फिलोज यांनी जयविलास महालाचा आराखडा केला, तो १८७४ चा. तेव्हा पोशाखांची सरमिसळ इथे नवी नाही.

आमच्या घराच्या वाटण्या चालू आहेत. पणजोबांच्या पेटीतून एक काळा बंद गळ्याचा कोट निघाला. कॉलरवर आणि बाहीच्या टोकाला कलाबतूचं काम. पट्टी नाही, नाव नाही. जुनी जर घेणारा दारावर आला होता. तो कपडा बघत नाही, वजन बघतो. खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची तार गुंडाळलेली असते आणि वर सोन्याचं पाणी. कापड जाळलं की चांदी हाती येते. असे किती शालू आणि पैठण्या गेल्या असतील त्याची मोजदाद नाही. काकांचं म्हणणं व्यवहाराचं होतं: “घालणार कोण आहे? सांभाळणार कोण?” आत्या नुसती म्हणाली, “त्याला आतून तरी बघ रे एकदा.”

आतून बघितलं. अस्तर उसवलेल्या जागी कॅनव्हास दिसत होता, खांद्यात पॅड होतं, मुंढा वर आणि घट्ट होता: म्हणजे शिंप्याला विलायती कापणी येत होती. पण बगलेत एक छोटा चौकोनी तुकडा होता! कोटात तो लागत नाही. तो अंगरख्याचा आहे. लष्करातल्या कुणा मास्टरजींनी साहेबी कोट शिवताना हाताला सवयीची ती जागा सोडली नव्हती, किंवा पणजोबांनीच सांगितलं असेल की हात नीट वर झाला पाहिजे, मुजरा करायचा आहे. इंदूरच्या राजाला जे दोन चित्रांत मांडावं लागलं, ते या बिननावाच्या शिंप्याने एकाच बगलेत बसवलं होतं. जरीवाल्याच्या तराजूत हा तुकडा मोजला जाणार नव्हता. तिथे त्याचं वजन शून्य.

कोट तूर्तास विकलेला नाही. आत्याच्या कपाटात आहे. काकांचा प्रश्न मात्र खराच आहे आणि तो प्रत्येक घरात येतो, म्हणून जे शिकलो ते इथे लिहून ठेवतो.

जड भरतकामाचा कोट टांगू नका, खांद्यांच्या शिवणी वजनाने ताणल्या जातात, आडवा ठेवा. धुतलेल्या जुन्या मलमलीत गुंडाळा, प्लॅस्टिकमध्ये नको, त्यात दमट हवा कोंडते. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका, जर काळी पडते. लवंग किंवा कडुलिंबाची पाने पुरचुंडीत बांधून शेजारी ठेवा. अत्तर थेट फवारू नका. वर्षातून दोनदा घडी मोडून नव्या जागी घाला, नाहीतर त्याच रेषेवर कापड तुटतं. फाटलं तर त्यावर आधाराचं कापड लावा, जुना धागा काढून टाकू नका.

सांभाळायला खरंच कुणी नसेल तर विकण्याआधी फोटो तरी काढा: बाहेरून, आतून, शिवणींचे, बंदांचे. युरोपात दरबारी रेशमी झगे पुष्कळदा चर्चला दिले जात आणि त्यातून धर्मगुरूंचे उपासनेचे झगे शिवले जात. कितीतरी जुनं रेशीम त्यामुळेच टिकलं. काश्मिरी शाली १८७०-८० च्या दशकांत फॅशनबाहेर गेल्या तेव्हा त्या कापून बायकांचे कोट झाले, आणि आज तेच कोट संग्रहालयांत आहेत. कपडा दुसऱ्या कामाला लावणं हा काही गुन्हा नाही. जाळला तर मात्र हातात फक्त चांदी उरते.

आणि एक चिठ्ठी लिहा. कुणाचा कोट, कुठल्या गावात शिवला, कधी घातला, कुणी सांगितलं. ती पांढऱ्या सुती कापडावर साध्या टाक्याने अस्तराला टाचा. आमच्या चिठ्ठीवर आत्याने तिच्या अक्षरात लिहिलंय: लष्कर, ग्वाल्हेर. पणजोबांचं नाव. आणि खाली, शिंपी: नाव ठाऊक नाही, काम उत्तम.